चालती ओल

शिरूर तालुक्यात बिरदेवला भिंतीतला पाणाड्या म्हणतात. रानातला पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून वावरभर चालतो आणि नारळ उभा राहिला की तिथं बोअर पाडायला सांगतो. बिरदेवच्या हातात नारळाऐवजी थर्मल कॅमेरा असतो. पिस्तुलासारखी मूठ आणि मागे तळहाताएवढा पडदा. भिंतीवर रोखला की पडद्यावर भिंत रंगात उमटते. गार असेल तिथं निळी, ऊन असेल तिथं पिवळी, तांबडी. आतल्या आत पाइप पाझरत असला की ओल धरलेली जागा बाकी भिंतीपेक्षा गार पडते, आणि माणसाच्या डोळ्याला जिथं नुसता पांढरा रंग दिसतो तिथं कॅमेऱ्याला निळं तळं दिसतं.

"मला पानी दिसत न्हाई, गारवा दिसतो," हे तो प्रत्येक घरात सांगतो. कुणाला ते पटत नाही. दौंडमध्ये एका बाईनं तो यायच्या आधीच कपाटावर चादर टाकून ठेवली होती. भिंतीच्या आतलं दिसतंय तर कपाटातलं का दिसणार नाही, असं तिचं म्हणणं. वडगाव रासाईच्या एका मामांनी तर त्याला थेट उसाच्या कडेला नेऊन उभा केला.

"दाव आता, किती फुटावर लागतंय."

"मामा, ह्याला जमिनीखालचं न्हाई दिसत."

"सिमिटातलं दिसतंय आन् मातीतलं न्हाई? माती तर मऊ असती."

बिरदेवनं कॅमेरा पिशवीत घातला. घरी येईपर्यंत तो त्याचाच विचार करत होता, आणि मामांचं कुठं चुकलं ते त्याला कळत असूनही सांगता येत नव्हतं. त्याचा स्वभावच तसा. गोष्ट आधी मनात ओल धरते, मग कधीतरी बाहेर दिसते.

तो मूळचा कवठे येमाईचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. चालायला शिकला तो कळपाच्या मागं. पुढं सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. तिथं विजेच्या पॅनेलमधली सैल जोडणी तापते, ती कॅमेऱ्यात तांबडी दिसते, म्हणून दर आठवड्याला कॅमेरा घेऊन फिरायचं काम त्याच्याकडं आलं. तांबडं शोधता शोधता त्याला निळ्याचाही नाद लागला. आता कारखाना सुटला, आणि शिक्रापूरपासून दौंडपर्यंत जिथं जिथं इमारती उठल्या आणि वर्षा-दोन वर्षांत पाझरायला लागल्या, तिथं तिथं त्याची मोटरसायकल उभी दिसते.

शिरूरला तो एका अपार्टमेंटमध्ये शेवटच्या मजल्यावर राहतो. मजल्यावर तीन घरं. एक बिरदेवचं, एक साधनाबाईंचं, त्या शाळेत शिकवतात, आणि एक हौशीराम आप्पांचं, ते सोसायटीचे चेअरमन. वर उघडी गच्ची, पाण्याची टाकी आणि टाकीखाली एक नळ.

बिरदेवची आई अनसाबाई गेल्यावर त्याचे वडील गेणबा कवठ्यात एकटे राहिले. कळप आधीच विकला होता. डोळ्यांत सारा वाढून नजर अंधुक झाली होती. एकदा ओढा उतरताना ते पडले आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिले. कुणीतरी बैल पाण्यावर आणला तेव्हा सापडले. मग बिरदेव आणि त्याची बायको प्रतिभा दोघांनी जाऊन त्यांना शिरूरला आणलं. आले, पण छताखाली त्यांना झोप लागेना. जन्म आभाळाखाली गेलेला. पंखा फिरायला लागला की ते उठून बसायचे आणि त्याच्याकडं बघत राहायचे.

हौशीराम आप्पांनीच मग गच्चीची किल्ली त्यांच्या हातात दिली. "घ्या आबा, वरती आभाळच आभाळ हाय."

गेणबांनी किल्ली करदोट्याला बांधली. बिरदेवला एवढंच म्हणाले, "हे असलं तवर मी हाय. ज्या दिशी वरच्या दाराला कुलूप पडंल, त्या दिशी मी कवठ्याला." ते रागानं बोलले नव्हते. म्हणून तर बिरदेवला ते खरं वाटलं.

तेव्हापासून दिवस कलला की गेणबा घोंगडी खांद्यावर टाकून वर जायचे आणि उजाडल्यावर घडी घालून खाली यायचे. सगळ्या इमारतीला त्याची सवय झाली.

पाडवा झाला, ऊन तापायला लागलं, आणि साधनाबाईंच्या छताला ओल आली.

पावसाचा थेंब नाही आणि छत ओलं. बाईंनी बिरदेवला बोलावलं. त्यानं सकाळच्या गारव्यात कॅमेरा लावला. बेडरूमच्या कोपऱ्यात, बरोबर टाकीच्या पाइपाखाली, निळा डाग. बिरदेवनं क्षणभरही विचार केला नाही. "टाकीचा जॉइंट," तो म्हणाला. प्लंबरनं जॉइंट बदलला, डाग वाळला, बाईंनी चहा पाजला. पण तोवर दुसरा डाग, पहिल्याच्या शेजारी, पाइपापासून लांब.

"पाण्याला पाय फुटले का हो?" बाईंनी विचारलं.

बिरदेवनं पुन्हा कॅमेरा लावला. सकाळी डाग निळा होता. संध्याकाळी बघितलं तर तोच डाग बाकी छतापेक्षा ऊन, पिवळसर. हे त्याला माहीत होतं, ओलं काँक्रीट उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. पण माहीत असूनही त्याचा गोंधळ उडाला, कारण पिवळ्याच्या शेजारी त्याला एक नवाच गार पट्टा दिसला, जो सकाळी नव्हता. त्यानं दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र टोचलं. तिथं अजून सगळं कोरडं. दुसऱ्या दिवशी मात्र तिथंच ओल उतरली.

गार आधी आणि ओल मागून. असं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

मग ओल साधनाबाईंचं घर संपवून हौशीराम आप्पांच्या हॉलमध्ये गेली. आप्पांनी वर गच्चीत सोलरच्या पायाशी नवी फरशी घातली होती. बिरदेवला वाटलं, तिच्याखाली पाणी साठत असेल. त्यानं सांगितलं म्हणून ती फोडली. खाली धूळ निघाली, कोरडी, चाळणीतनं पाडल्यासारखी.

आप्पा त्या धुळीकडं बघत म्हणाले, "पाणाड्याचा नारळ आडवाच राहिला म्हणायचा."

"आप्पा, कॅमेरा खोटं न्हाई बोलत."

"कॅमेरा न्हाई बोलत रं. तू बोलतोस त्याच्या वतीनं." मग म्हणाले, "आन् एक सांग. तीन घरं एका गच्चीखाली. माझं गळतंय, बाईचं गळतंय. तुझं कसं न्हाई गळत?"

बिरदेवनं आपल्या घराचं छत कितीदा तरी तपासलं होतं. ते सगळीकडं एकसारखं, केशरी, कोरडं. एक डाग नाही.

"मला न्हाई माहीत," तो म्हणाला. ते खरंच होतं, पण उच्चारल्यावर त्याचं त्यालाच लबाडाचं बोलणं वाटलं.

त्या दिवसापासून जिन्यात बोलणी बदलली. कुणी म्हणे, यानं आपल्यापुरतं छत आतून पक्कं करून घेतलं. कुणी म्हणे, कामं मिळावीत म्हणून हाच काहीतरी करतो. साधनाबाईंच्या पोरीच्या, प्रांजलच्या, अंथरुणावर छताचा पापुद्रा पडला, तेव्हा बाई कधी नव्हे ते चढ्या आवाजात बोलल्या. हौशीराम आप्पांनी ठरवून टाकलं: रविवारी मीटिंग. तोवर बिरदेवला कारण सापडलं तर ठीक. नाहीतर सगळी गच्ची उकरायची, नवा सिमेंटचा कोबा करायचा आणि दाराला कायमचं कुलूप. कुणाचाच पाय वर नको.

प्रतिभानं ते ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून विचारलं, "आबांना कोण सांगनार?"

बिरदेवनं दाराकडं पाहिलं. गेणबा दाराशी बसून घोंगडीतले काटे वेचत होते. त्यांना ऐकू चांगलं येतं. ते फक्त म्हणाले, "कवठ्याचं दार किल्लीनं उघडंना झालंय. जाताना तेल न्यावं लागंल."

शनिवारी दौंडला काम होतं. रेल्वे लाइनच्या पलीकडल्या एका इमारतीत स्वयंपाकघराच्या भिंतीमागचा पाझर त्यानं बघता बघता शोधून दिला. निळी रेघ, खाली निळं पोट, सरळ साधं. त्या घरातल्या माणसानं हात जोडले. बिरदेवला मात्र आपण दुसऱ्याच कुणाचं तरी कौतुक ऐकतोय असं वाटलं. दुसऱ्याच्या घरात जे लगेच दिसतं ते स्वतःच्या डोक्यावर का दिसू नये, हे कोडं घेऊन तो उन्हातनं परत निघाला.

न्हावऱ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला कांदा काढून रिकामं झालेलं रान होतं. तिथं मेंढ्यांचा वाडा, म्हणजे फिरत्या कळपाचा तळ, उतरला होता. बिरदेवनं गाडी थांबवली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बहुतेक वासानं. लोकरीचा, लेंड्यांचा, तापल्या मातीचा वास, ज्यात त्याचं सगळं लहानपण होतं.

दोघी बाया वाघर हलवत होत्या. वाघर म्हणजे दोरीचं जाळं. खुंट्यांवर ताणून मेंढ्यांभोवती त्याचं कुंपण करतात आणि मेंढ्या रातभर आत बसतात. त्यांच्या लेंड्यामुतानं रान खतावतं, म्हणून शेतकरी बोलावून बसवून घेतात. पण एका जागी दोन रात्री बसवत नाहीत, जमीन करपते. आज इथं, उद्या लगतच्या पट्ट्यात. कडेपर्यंत गेलं की वळायचं आणि दुसरी ओळ धरायची. अशी ओळीनं सगळी पट्टी खतावली की पुढच्याचं रान. लहानपणी खुंट्या उपटायचं काम बिरदेवचं असायचं.

एक बाई खुंटी ठोकता ठोकता म्हणाली, "काय बघताय पाव्हणं? मेंढरं बघितली न्हाईत व्हय कवा?"

"बघितल्यात," बिरदेव म्हणाला. आणि त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला.

कॅमेऱ्यातली सगळी चित्रं त्यात होती. पहिला डाग बाईंच्या कोपऱ्यात. दुसरा लगत. तिसरा त्याच्या लगत. भिंतीपर्यंत गेले, वळले, दुसरी ओळ. बाईंचं छत संपलं तेव्हा आप्पांचं. सगळे लांबट, अंथरुणाएवढे.

तो बराच वेळ तिथंच उभा राहिला. कळलं तर होतं, पण जे कळलं ते मनात नीट बसेना. बापाला मेंढरं नाहीत. गच्चीला माती नाही. मग खतावतंय काय?

शिरूरला पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. तो घरात न जाता सरळ गच्चीवर गेला. गेणबा टाकीखालच्या नळाला बादली लावून उभे होते. बादली भरली तशी ती त्यांनी आप्पांच्या घरावरच्या एका जागेवर आणली आणि ओंजळीनं पाणी मारायला लागले. आधी कडा, मग मधलं. उरलेलं ओतलं. सिमेंटमधनं वाफ उठली. बारीक चिरांत पाणी हूं की चूं न करता उतरून गेलं. गार आधी आणि ओल मागून का, ते बिरदेवला आत्ता कळलं: आधी वरनं निवायचं, मग पाणी खाली उतरायचं. मग त्यांनी चार कोपऱ्यांना चार दगड मांडले आणि मधे घोंगडी अंथरली. त्यांना बिरदेव दिसला नसावा. त्याची सावली दिसली.

"कोन, परतिभा?"

"मी हाय आबा."

"बस. खाली निवलंय आता."

बिरदेव बसला नाही. "हे पानी रोज मारता?"

"मंग. तवा झालेला असतो नुसता. पाठ भाजती."

"आन् जागा? जागा का बदलता रोज?"

गेणबांना प्रश्नच कळला नाही. भाकरी तोंडानंच का खाता, असं कुणी विचारावं तसं त्यांनी लेकाकडं पाहिलं. "एका जागी दोन राती कुनी बसतं व्हय?"

"आबा, ह्यो सिलॅब हाय. रान न्हाई."

"ठावं हाय मला. आंधळा झालोय, खुळा न्हाई." ते घोंगडीवर टेकले. "खाली कोन तरी ऱ्हातंयच की. बाईच्या डोक्यावर सगळं बसून झालं. आता आप्पाचं चाललंय. आपन कुनाच्या वर बसलो तर त्याचं भलं व्हायला पायजे. एकाच घरावर बसलं तर दुसरा म्हणंल, माझ्यावर का न्हाई?"

 आपण हसावं की डोक्याला हात लावावा हे बिरदेवला उमजेना. शेवटी त्यानं वेगळंच विचारलं. "आन् आपल्या घरावर? तिथं कवा बसला न्हाईत ते?"

"आपल्या?" गेणबांनी घोंगडीची कड चाचपली. "आपलं रान कवा व्हतं?"

खाली आल्यावर त्यानं प्रतिभाला सांगितलं. ती पोळपाटावरनं नजर न उचलता म्हणाली, "बादली घेऊन जातात हे मला ठावं हाय की. पाय धुत असत्याल म्हणलं. मला कुनी इचारलं?"

रविवारी मीटिंग व्हायची होती. बिरदेवनं मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. सांगावं तर बापाची गच्ची जाणार, न सांगावं तरी जाणारच. सकाळी तो अजून ठरवत होता, तेवढ्यात गेणबा वरनं उतरले आणि घोंगडी घेऊन सरळ साधनाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. हौशीराम आप्पाही तिथंच छत बघत होते. बिरदेव मागोमाग धावला.

"बाई, जरा बघू द्या," गेणबा म्हणाले.

एवढ्या दिवसांत त्यांनी त्या घरात पाय ठेवला नव्हता. मान वर करून, डोळे बारीक करून ते बेडरूमभर फिरले. पिवळट कडांचे डाग ओळीनं गेले होते, वळले होते, पुन्हा ओळीनं आले होते. हात वर धरून त्यांनी हवेतच एकेका डागावर बोट फिरवलं.

"हे समदं मी?"

 मग बिरदेवनं सांगितलं. पाणी, घोंगडी, वाघर, पाळी, जेवढं त्याला स्वतःला कळलं होतं तेवढं. सांगताना मधेच त्याला वाटलं, हे आपल्यालाच अजून पुरतं कळलेलं नाही.

साधनाबाई कॉटवर बसल्या. "म्हणजे आबा, तुम्ही रोज माझ्या डोक्यावर पाणी ओतत होता?"

"ओतत न्हवतो बाई. शिंपडत व्हतो. उरलं तर ओतायचो." गेणबांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं सिमिट म्हंजी खडक. खडकातनं खाली उतरंल असं न्हाई वाटलं. तुमचं भलं व्हावं म्हणून बसलो."

हौशीराम आप्पा म्हणाले, "माझ्या घरावर कवापासनं हाय मुक्काम?"

"ह्या अमुशापासनं. बरकत आली असंल."

"बरकत न्हाई आली आबा, पापुद्रं आलं."

बाईंना हसू फुटलं आणि लगेच त्यांनी ते आवरलं, कारण पोरीच्या अंथरुणावर पडलेला पापुद्रा त्यांना आठवला असावा. गेणबांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. बिरदेव बघत राहिला. पुढं होऊन सोडावी की तसंच राहू द्यावं, त्याला कळेना. शेवटी गाठ सुटली आणि गेणबांनी किल्ली आप्पांच्या समोर धरली.

"घे. माझ्यापायी लोकांच्या पोरांवर पडाय नको."

आप्पांनी किल्ली घेतली नाही. ते खिडकीकडं बघत म्हणाले, "गळती तुमच्या पान्याची खरी, पर चिरा तुम्ही न्हाई पाडल्या. त्या बुजवायच्याच हायेत. पाऊस काय घोंगडी घेऊन येनार न्हाई, तो समद्या टेरेसवर एकदम बसंल."

"पण पाणी नको," साधनाबाई म्हणाल्या. "एक थेंब नको, आबा."

"बिगर पान्याचं तर तवा हाय वरती," आप्पा म्हणाले.

"वाळल्या रानात बी मेंढरं बसत्यात," गेणबा म्हणाले. त्यांच्या हातात किल्ली तशीच राहिली. ती पुन्हा करदोट्याला कधी बांधली, हे बिरदेवला नंतर आठवेना.

आप्पांनी त्याच दिवशी टाकीखालच्या नळाची चावी काढून घरी नेली. चिरांत मसाला भरला गेला, वर पांढरा लेप बसला. बिरदेव आठवडाभर दोन्ही घरांत सकाळी कॅमेरा लावत राहिला. जुने डाग विरत गेले, नवा उमटला नाही. लोक म्हणाले, सापडलं बघा पाणाड्याला. तो मान हलवायचा. सापडलं ते नेमकं काय, हे कुणी विचारलं असतं तर तो अडखळला असता.

एका पहाटे, फटफटल्यावर, लेप कसा धरलाय ते बघायला तो कॅमेरा घेऊन गच्चीवर गेला. गेणबा नुकतेच उठून घोंगडीची घडी घालत होते. रातभर उघडं राहिलेलं सिमेंट निवलं होतं. पडद्यावर सगळी गच्ची निळी. फक्त एक लांबट चौकोन पिवळा होता. घोंगडीखाली दिवसाची ऊब धरून राहिली होती, आणि चार कोपऱ्यांना चार दगड.

बिरदेवनं टाकीकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं, जागा ताडली. मग पुन्हा ताडली, कारण त्याचा विश्वास बसेना. चौकोन त्याच्याच घरावर होता.

"आज इथं, आबा?"

"व्हय," गेणबा घडी खांद्यावर टाकत म्हणाले. "समद्यांची पाळी झाली."

ते जिन्याच्या दाराकडं चाचपडत गेले. बिरदेव कॅमेरा रोखून उभा राहिला. पिवळा कडेकडेनं हिरवट होत आत सरकत होता. चित्र ठेवायचं बटण अंगठ्याखाली होतं. ते दाबायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. मग खाली बसून त्यानं तळहात टेकवला. जागा अजून ऊन होती.